फॅमिली रूममधली राइसप्लेट

मला हॉटेलात जेवायला आवडत नाही. शाळेत कोणाची बदली झाली, कोणाला बढती मिळाली, की सगळे शिक्षक वर्गणी काढून हॉटेलात जातात. मी वर्गणी देते आणि जात नाही. त्यावरून मला कंजूष म्हणतात. कंजूष असते तर वर्गणीही दिली नसती. खरं कारण कोणी नीट विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. आता लिहून ठेवते.

माझं माहेर तापीकाठचं, कापूस आणि केळीचं. सासर नंदुरबारचं, मिरचीचं. सातवीची फायनल पास होऊन दोन वर्षं घरी बसले आणि मग माझं लग्न लागलं. सासऱ्यांचा मिरचीचा व्यापार मोठा होता. गावाबाहेर मिरची वाळत घालायच्या पथारी होत्या, स्टेशनाकडे दोन-तीन शेड होत्या, आणि घर असं की पाहुणा उंबरठ्याच्या आत आला की पहिल्यांदा शिंकायचा. माझं नाक सहा महिन्यांत मेलं. शेड कुठल्या, त्यांत काय चालतं, हे घरातल्या बायांना कोणी सांगत नसे आणि आम्ही विचारतही नसू. आम्ही देठं खुडायची, स्वयंपाक करायचा, आणि दर महिन्याला सासूबाईंची नजर पोटावरून फिरली की मान खाली घालायची. दोन वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते. गावच्या गुरुजींनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं की धुळ्याला बायांसाठी मास्तरकीचं ट्रेनिंग आहे, राहायची सोयही आहे, पोरगी हुशार आहे, अर्ज करा. आबांनी विचार करायला एक रात्र घेतली आणि सकाळी अर्ज भरायला लावला. आबांना सहीपुरती अक्षरं येत. तरी मला शाळेत घालायला त्यांनी गावभराची बोलणी खाल्ली होती. त्यामुळे हा अर्ज माझा जेवढा होता तेवढा त्यांचाही होता. मे संपता संपता, मी सासरी परतल्यावर, निवडीचं पत्र माहेरच्या पत्त्यावर आलं. सोबत एक छापील कागद होता. लग्न झालेल्या उमेदवाराने सासरच्या कर्त्या माणसाची संमती त्या कागदावर आणायची होती. ती नसली तर जागा दुसरीला जाणार होती. हजर व्हायला तीन दिवस उरले होते.

तो कागद घेऊन आबा नंदुरबारला आले.

इथे एक रीत सांगायला हवी. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. आबा ती रीत काटेकोर पाळत. आमच्याकडे आले की ओट्यावरच बसत. फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी, फडक्यात स्वतःची दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी. भाकरी स्टेशनाजवळच्या लिंबाखाली बसून खाऊन येत. सासूबाई आतून ऐकू जाईल असं म्हणत, "आमना घरना पानीमा काय जहर शे का?" आबा उत्तर देत नसत. त्यांचा हिशेब सरळ होता. लेकीच्या घरचं खाल्लं की बाप मिंधा होतो, आणि मिंध्या बापाचं तिच्या सासरी कोणी ऐकत नाही. रीत वेडगळ असेल, पण त्यांना ती कामाची वाटे.

त्या सकाळी आबांनी ओट्यावर बसून सासऱ्यांपुढे विषय काढला. मी दाराआड उभी होते. सासरे ओरडतील असं मला वाटलं होतं. ते एकदम गोड झाले.

"याही," ते म्हणाले. व्याह्यांना आमच्याकडे याही म्हणतात. "इतली दूरथून उनात. उपाशी पोटे असं बोलनं व्हस का? घरनं तर तुम्ही खातस नई. टेसनजोडे मद्रासीनं हाटेल निंघेल शे. तठे बसूत, जेवूत, अन बोलूत. बजारनं अन्न, ते काय कोना बापनं नई."

आबा जरा विचार करून म्हणाले, "बिल मी दिसू."

"द्या ना. कोन नई म्हनस?"

"अन आंडेर बी संगे राही. तिनाच सवाल शे."

आंडेर म्हणजे लेक. आतून सासूबाई कडाडल्या, "हां, आते वहूले हाटेलमा लई जा! मंग तमाशामा बी लई जा!"

"येऊ दे तिले," सासरे म्हणाले.

माझ्या सासऱ्यांनी मला दोन वर्षांत मारुतीच्या देवळापलीकडे जाऊ दिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मला शंका यायला हवी होती. आली नाही. सही मिळणार एवढंच डोक्यात होतं.

आम्ही चौघं निघालो. पुढे सासरे, मग आबा, मग माझा नवरा, आणि मागे डोक्यावरून पदर ओढून मी. नवरा वडिलांच्या पेढीवर लिहायला बसे. घरात त्याचा आवाज क्वचितच निघे, आणि त्या दिवशी तर निघालाच नाही.

हॉटेल स्टेशनाच्या रस्त्यावर होतं. नवा निळा रंग, दारावर आंब्याचं सुकलेलं तोरण, आत संगमरवरी टेबलं आणि आरसे. आरशांमुळे दहा माणसं जेवत असली तरी चाळीस दिसत होती. भिंतीवर पाटी होती, "राजकारणावर बोलू नये." मालक गल्ल्यावर बसला होता. कपाळाला भस्म, अंगात गंजीफ्रॉक. सासऱ्यांना पाहून तो उठून उभा राहिला. मोठ्या व्यापाऱ्याला पाहून लोक उठतातच, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. कोपऱ्यात फळ्यांच्या आडोशाची एक खोली होती, तिला हिरवा पडदा. त्याला फॅमिली रूम म्हणतात हे मला तेव्हा कळलं. फॅमिलीला आत कोंडायचं आणि पडदा अर्धा उघडा ठेवायचा, म्हणजे येणारा-जाणारा वाकून बघणार. त्यापेक्षा बाहेर बसलेलं बरं. खोलीत शिरताच आबा तीनदा शिंकले. मला कसलाही वास आला नाही.

सासऱ्यांसमोर मी खाणार नव्हतेच. बाकाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसले.

वाढपी म्हातारा होता, कानावर पेन्सिल लावलेला. त्याने हिंदी-मराठी मिसळून विचारलं, "डोसा पैले लाऊ? साधा का मसाला?"

"साधा," आबा म्हणाले. "मसाला घर खूप शे."

डोसा आला. ताटाबाहेर लोंबणारी ती पिवळी सुरळी आबांनी बोटाने दाबून पाहिली. "हाई पीठ तर आंबी गयं."

"आंबवूनच करतस, याही. तेच तर मद्रासीपन शे."

"आमना घर पीठ आंबनं ते म्हशीले घालतस."

त्यावर सासरे मोठ्याने हसले. मग राइसप्लेट आली. भाताचा ढीग, वाटीत सांबार, दुसऱ्या वाटीत आणखी पातळ काहीतरी, पळीभर भाजी, पापड. माझं आजही मत आहे की ते जेवण नव्हे. वरण असतं ते आंबट करून ठेवलेलं, तिखट म्हणावं तर तिखट नाही, भाकरीचा पत्ता नाही, आणि भात एवढा की ज्वारी खाणाऱ्या माणसाने त्याचं करायचं काय? बाहेर काचेचे ग्लास होते. आमच्यापुढे मात्र वाढप्याने लख्ख पितळी पेले ठेवले. ते पाहून आबांना बरं वाटलं. काचेचा ग्लास शंभर जणांचा उष्टा, असं ते म्हणत. त्यांनी पेला उचलून वरून घटाघटा पाणी घशात ओतलं, पेला माझ्या बाजूला ठेवला आणि भाताचा पहिला घास घेतला.

पेल्याच्या कडेखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. लग्नात भांड्यांवर कोरतात तसं. ते माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. पेले आमच्या घरचे होते. आठवड्यापूर्वी मीच ते चिंचेने घासून पोत्यात भरून दिले होते. कुठल्याशा लग्नाला उसने जातायत असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

पेल्यांवरून पुढचं कळायला वेळ लागला नाही. आबा का शिंकले तेही कळलं. ही आमची मिरचीची शेड होती. हॉटेलही आमचंच होतं. मद्रासी फक्त चालवत होता.

आता मी काय केलं ते जसं झालं तसं सांगते. आबांच्या तोंडात पहिलाच घास होता. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी तो थुंकला असता, उठले असते आणि परत त्या घराची पायरी चढले नसते. पण मग सही गेली असती. त्याच वेळी सासरे म्हणत होते, "सहीनं काय, करसूत ना. कागद आनेल शे ना? पयले जेवा तुम्ही." कागद आबांच्या बंडीच्या खिशात होता. मी पेला हळूच फिरवला. नाव भिंतीकडे केलं. आणि गप्प बसले.

आबा जेवले. आवडत नसताना जेवले. पानातलं टाकायचं नाही अशी त्यांची सवय होती. जेवताना ते बोलत होते, आणि इतकं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "दोन वरीसनी गोट शे, याही. सुटीमा घर यीच ना. मंग गावनी शाळामा लागी, पगार तुमनाच घर यी. मी काय मन्हा घर नेवाले सांगत नई." सासरे प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. "भात घ्या. दही घ्या. अरे, याहीले दही आन."

दही झालं. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं, कमरेची गाठ सोडून पैसे काढले आणि पडद्याबाहेर गल्ल्याकडे गेले. मालकाने दोन्ही हात जोडले.

"नई नई, बाबा. सेठ के घर के आदमी से पैसा कैसे लेगा? दुकान सेठका, जगा सेठका, चावल भी सेठ के घर से आया."

आबा पैसे तसेच हातात धरून परत आले. सासरे टेकून बसले होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर सकाळचा गोडवा नव्हता.

"खादं ना, याही?" ते म्हणाले. "पानी बी पिनात. आंडेरना घर पोट भरी जेवनात. आते आंडेरनं नाव काढानं नई. खायेल बाप बोलत नई, हाई तुमनीच रीत शे ना? आम्ही काय बनाडी नई."

त्यांनी हे मुद्दाम मोठ्याने म्हटलं. पडद्याबाहेरच्या टेबलांवरची बोलणी थांबली. कोणीतरी हसलं. माझा नवरा ताटातल्या पापडाचे तुकडे करत होता.

 आबांनी पैसे टेबलावर ठेवले, उपरणं काढून बाकावर ठेवलं आणि बाहेर गेले. हात धुवायची मोरी हॉटेलाच्या मागच्या भिंतीला होती, सगळ्या टेबलांसमोर. आबा मोरीपाशी वाकले, उजव्या हाताची दोन बोटं घशात घातली आणि जेवलेलं सगळं बाहेर काढलं. एकदा नाही, तीनदा. पोटात काही उरलं नाही याची खात्री होईपर्यंत. माणसं ताटं सोडून उठली. मालक त्याच्या भाषेत ओरडायला लागला. एकजण म्हणाला, "चाचा, सांबार पसंद नई आया क्या?" आणि लगेच गप्प झाला. त्या आरशांमुळे आबा सगळ्या भिंतींवर वाकलेले दिसत होते.

त्यांनी मोरीतलं पाणी घेतलं नाही. बंडीच्या बाहीने तोंड पुसलं आणि तसेच आत आले. डोळे लाल होते, पण आवाज साफ होता.

"आते तुमनं काही बी मन्हा पोटमा नई. आते बोलू?"

 गावात सासऱ्यांपुढे कोणी मोठ्याने बोलत नसे, आणि इथे त्यांच्याच हॉटेलात वीस माणसं पडद्यातून आत बघत होती. त्यातले निम्मे त्यांच्याकडे मिरची घालणारे. बाहेर एकाने उलटी झालेल्या हॉटेलात जेवणार नाही म्हणून मालकाशी वाद सुरू केला होता, ते सगळं ऐकू येत होतं. सासऱ्यांच्या मानेची शीर फुगली.

"लई जा तिले!" ते ओरडले. "आजच्या आज लई जा. धुयाले धाडा, नईतर कोठे बी धाडा. मन्हा घरमा मास्तरीन नको. अन परत आनानी नई."

"लिखी द्या," आबा म्हणाले, आणि कागद टेबलावर ठेवला. सांडलेल्या सांबारात त्याची एक कड भिजली.

 मग माझ्या नवऱ्याने खिशातलं फाउंटन पेन काढलं, टोपण उघडलं आणि वडिलांपुढे ठेवलं. त्यामागे माझ्याबद्दलची माया होती की प्रकरण एकदाचं मिटावं ही घाई, हे मी त्याला पुढे कधी विचारलं नाही. आम्ही दोघं पुढे एकत्र राहिलो, संसार केला, तरी विचारलं नाही. सासऱ्यांनी सही केली. इतकी जोरात की निब कागदातून आरपार गेलं. रागाच्या भरात छापील मजकूर त्यांनी वाचलासुद्धा नाही. "मी स्वखुशीने संमती देत आहे" असं त्यावर लिहिलं होतं.

माझी पत्र्याची पेटी नवऱ्याने एस.टी. स्टँडवर आणून ठेवली आणि तो उभ्या उभ्या परत गेला. ठरलं होतं असं की आबा माझ्याबरोबर धुळ्यापर्यंत येतील, मला तिथे सोडतील आणि दुसऱ्या दिवशी गावी जातील. आम्ही बाकावर बसलो. ऊन कडक होतं. आबांचं पोट रिकामं होतं. मी म्हटलं, "आबा, केळी आणू का?" ते नको म्हणाले.  मग त्यांनी समोर बघतच विचारलं,

"तू पेला भिताडकडे कसाले फिरावा?"

मला वाटलं होतं त्यांचं लक्ष नव्हतं. खोटं बोलायला जागा होती. सांडेल म्हणून सरकवला, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "त्यावर नाव होतं. त्यांचं."

"कव्हय वाचं?"

"तुम्ही पहिला घास घेतला तेव्हा."

"मंग सांगं का बरं नई?"

"सही पाहिजे होती."

 आबा म्हणाले, "तुले वाचाले मी शिकाडं." एवढंच. आवाज चढला नव्हता. ओरडले असते तर मी उलट बोलले असते. माझ्याकडे उत्तरं होती. तुमच्या रीतीसाठी मी जन्मभर देठं खुडायची का, हे एक. तुम्ही बोलू शकावं म्हणून तर तुम्ही उपाशी राहता, मग बोलणं पुरं झाल्याशिवाय मी तुम्हाला उठवलं कसं असतं, हे दुसरं. मी त्यातलं काही बोलले नाही. आजही ती उत्तरं मला बरोबर वाटतात. आणि त्या वेळी त्यांच्या मोरीवर वाकलेल्या पाठीपुढे ती चालली नसती, हेही मला माहीत आहे.

धुळ्याची गाडी लागली. आबांनी पेटी टपावर चढवली, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली, मला खिडकीजवळची जागा पाहून दिली. मग खाली उतरले. त्यांनी एकच तिकीट काढलं होतं. ते खिडकीतून माझ्या हातात दिलं आणि स्टँडच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आमच्या गावाकडची गाडी लागते, तिथे जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. गाडी हलली तरी वळले नाहीत. मी रडले नाही. शेजारच्या बाईने मांडीवर कोंबडी धरली होती, ती माझ्या अंगावर उडू नये म्हणून तिला सांभाळत बसले.

धुळ्याला पोहोचले तेव्हा कचेरी बंद व्हायच्या बेतात होती. टेबलापलीकडच्या बाईंनी माझा फायनलचा दाखला पाहिला, निवडीचं पत्र पाहिलं, मग संमतीचा कागद उजेडाला धरला. सहीतल्या भोकातून पलीकडचं दिसत होतं.

"हा डाग कसला?"

"सांबाराचा."

"सासऱ्यांची सही आहे ना ही?"

"हो. त्यांचीच."

"सोबत कोणी आलं नाही? वडील?"

"नाही. रागावलेत."

"शिकायला आलीस म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "शिकायला त्यांनीच पाठवलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आणखी काही विचारावं असं त्यांना वाटलं असणार, पण माझ्यामागे अजून दोन बाया पेट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं, त्यापुढे खोलीचा आकडा टाकला आणि सांगितलं की पेटी स्वतः उचलावी लागेल, इथे हमाल नाही. मी उचलली.